हॅलोविन ते बोरन्हाण: मुलांच्या खाऊच्या पिशवीत काय घालावं?

दुकानांच्या दारात भोपळ्यांचे ढीग लागले की अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत गोड खाण्याचा मोसम सुरू होतो. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन, त्याच्या थोडी मागेपुढे दिवाळी. २०२४ साली तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते, म्हणजे सकाळी अभ्यंगस्नान आणि फराळ, आणि संध्याकाळी वेगवेगळी सोंगं घेऊन, हातात पिशवी धरून शेजाऱ्यांची दारं वाजवणं. मग थँक्सगिव्हिंगची पंपकिन पाय, डिसेंबरात कँडी केन, आणि जानेवारीत संक्रांतीचा तिळगूळ आणि लहानग्यांचं बोरन्हाण. दोन संस्कृतींचे सण सांभाळायचे म्हणजे मुलांच्या वाट्याला गोडही दोन्हीकडचं येतं.

दरवर्षी या दिवसांत आई-बाबांचा एकच प्रश्न असतो. मुलांची मजा न घालवता हे गोड कमी कसं करायचं? आणि त्याच्या जागी द्यायचं काय? आजच्या भागात आपण याबद्दलच बोलू या.

सुरुवात आपल्याच एका शब्दापासून करू. तो शब्द म्हणजे 'खाऊ'. इंग्रजीतली कँडी म्हटली की साखर आलीच. खाऊचं तसं नाही. आजोबा बाजारातून येताना पुडीत बांधून आणायचे ते फुटाणे म्हणजे खाऊ. जत्रेतले चुरमुरे खाऊ, भाजलेल्या शेंगा खाऊ, पेरू खाऊ, मीठ-तिखट लावलेली चिंच-बोरंसुद्धा खाऊच. कुणीतरी आपल्यासाठी आठवणीने आणलं, हातावर ठेवलं, आणि आपण ते भावंडांत वाटून खाल्लं, यातच त्याची मजा होती. मुलांना आजही हेच आवडतं. ती कोणत्या घरून किती मिळालं ते मोजतात, जमिनीवर मांडतात, मित्राशी अदलाबदल करतात. हा सगळा खेळ तसाच ठेवून पिशवीतल्या वस्तू बदलता येतात. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं होतं.

आधी थोडा हिशेब करू. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ साली सांगितलं की २ ते १८ वर्षांच्या मुलांच्या पोटात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी जावी. म्हणजे साधारण ६ छोटे चमचे. २ वर्षांखालच्या बाळाला तर ती देऊच नये. आता हॅलोविनच्या पिशवीत येतात ते छोटे चॉकलेट बार, ज्यांना इथे 'फन साइझ' म्हणतात, त्यांतल्या बहुतेकांत ८ ते १० ग्रॅम साखर असते. तीन खाल्ले की दिवसाचा कोटा संपला. सहा खाल्ले की दोन दिवसांचा.

पण मंडळी, हाच हिशेब आपल्या फराळालाही लावायला हवा. ४० ग्रॅमच्या मध्यम बेसनलाडवात साधारण एक तृतीयांश साखर असते, म्हणजे १२-१३ ग्रॅम. २० ग्रॅमच्या तिळगुळाच्या वडीत अर्धा गूळ धरला तर ८-९ ग्रॅम साखर तिथेही आहेच. "अमेरिकन चॉकलेट नको, त्यापेक्षा आपला लाडू खा," असं आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. लाडवात डाळीचं पीठ आहे, तूप आहे, आपल्या हातची चव आहे, हे खरंच. पण साखर मोजायला बसलं तर लाडू काही मागे राहत नाही.

गुळाबद्दलही थोडं स्पष्ट बोलू या. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. त्यात थोडी खनिजं असतात, रंग आणि वास सुंदर असतो. पण त्याचा बहुतांश भाग साखरच आहे. दातांना, यकृताला आणि वजनकाट्याला तो साखरेहून वेगळा वाटत नाही. मधाचंही तेच. शिवाय १ वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, चाटवायचासुद्धा नाही, कारण त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. इथल्या पाकिटांवर 'अ‍ॅडेड शुगर्स' अशी एक ओळ असते. वरून घातलेला गूळ, मध, उसाचा रस किंवा सिरप हे सगळं त्याच ओळीत धरलं जातं. 'नॅचरल' आणि 'ऑरगॅनिक' या शब्दांकडे न बघता ही ओळ बघायची. ४ ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचा, हे लक्षात ठेवलं की पुरे.

जाता जाता एक गैरसमजही दूर करू. साखर खाल्ली की मुलं अंगात आल्यासारखी उड्या मारतात, असं आपण सगळेच म्हणतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९५ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा आला होता. साखरेमुळे मुलांचं वागणं बदलतं असं त्यात दिसलं नाही. सणाच्या दिवशी मुलं उड्या मारतात ती बहुधा आनंदाने आणि जागरणाने. साखर कमी करायची ती दातांसाठी आणि रोजच्या जेवणाची भूक शाबूत राहावी म्हणून.

(छोटं संगीत)

आता दातांचं बघू. आपल्या दातांवर राहणारे जिवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचं वरचं कवच झिजवतं. लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते, पण त्याला साधारण अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून मुलाने चार चॉकलेटं जेवणानंतर एकदाच खाल्ली तर दातांवर एकदाच हल्ला होतो. तीच चार चॉकलेटं दुपारपासून रात्रीपर्यंत तासातासाने खाल्ली तर चार वेळा होतो. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं आणि ते दाताला किती वेळ चिकटून राहिलं, याला दातांच्या बाबतीत जास्त महत्त्व आहे.

हे कळलं त्यामागची कहाणी सुखाची नाही. १९४० आणि १९५० च्या दशकांत स्वीडनमधल्या लुंड शहरात विपेहोल्म नावाच्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांवर, त्यांची संमती न घेता, प्रयोग झाले. जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात भराभर किडले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचं नुकसान बरंच कमी होतं. आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही. पण त्यानंतर स्वीडनमध्ये मुलांना गोड आठवड्यातून एकदाच, शनिवारी द्यावं, असा सल्ला दिला गेला आणि तिथे शनिवारच्या खाऊची प्रथाच पडली. मुलं शनिवारची वाट बघतात, बाकीचे दिवस कुरकुर होत नाही.

यातून आपल्या पदार्थांबद्दलही एक गोष्ट समजते. चिकटपणा वाईट म्हटला तर बेदाणे, सुके अंजीर, खजूर आणि चिक्की हेही दातांच्या फटीत बसतात. म्हणून पौष्टिक असले तरी ते जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर द्यावेत, वर पाणी पाजावं आणि रात्री दात घासून घ्यावेत.

बरं, मग द्यायचं काय? तीन ठिकाणांसाठी तीन वेगळी उत्तरं आहेत: आपल्या दारात येणारी मुलं, शाळा, आणि आपलं घर किंवा महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम.

पहिलं दार. हॅलोविनला अनोळखी घरातून आलेला घरगुती पदार्थ इथले पालक मुलाला खाऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे तुमची चिक्की कितीही सुंदर झाली असली तरी ती दारात वाटू नका. बंद पाकिटातलं काही द्यायचं तर मक्याच्या लाह्यांची छोटी पाकिटं, प्रेट्झेल किंवा चीज क्रॅकर चालतील. त्याहून सोपं म्हणजे खायचं काहीच द्यायचं नाही. स्टिकर, पेन्सिली, अंधारात चमकणाऱ्या कांड्या, साबणाचे फुगे काढायच्या छोट्या बाटल्या. आणि एक खास आपली कल्पना: फुटपाथवर चित्रं काढायचे जाड रंगीत खडू. त्या आठवड्यात दिवाळी असेल तर आपल्या घरासमोर त्याच खडूंनी रांगोळी काढून ठेवा. मुलं विचारतात, "हे काय आहे?" खडू हातात देता देता उत्तर देता येतं.

काही घरांच्या पायरीवर निळसर-हिरवा भोपळा दिसतो. अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी या घरी खाण्याव्यतिरिक्त काहीतरी ठेवलं आहे, अशी ती खूण आहे. टेनेसी राज्यातल्या एका स्थानिक गटाने ही कल्पना काढली आणि २०१४ पासून 'टील पंपकिन प्रोजेक्ट' या नावाने ती देशभर पसरली. ज्या मुलाला एका शेंगदाण्यामुळे दवाखाना गाठावा लागतो, त्याला बाकीच्यांसारखं दारावर टकटक करून काहीतरी मिळणं ही मोठी गोष्ट असते. आपणही एक भोपळा रंगवून ठेवू शकतो.

दुसरं ठिकाण शाळा. इथे आधी शिक्षिकेला विचारल्याशिवाय काहीही पाठवू नका. शेंगदाण्याचं तर सगळ्यांना माहीत असतं, पण तिळाचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेच्या कायद्यात तीळ हा नववा मुख्य अ‍ॅलर्जीकारक पदार्थ म्हणून धरला जातो आणि पाकिटावर त्याचा उल्लेख करावा लागतो. तेव्हा संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटून गोड बोला म्हणण्याआधी कुणाला तिळाचा त्रास नाही ना, हे विचारून घ्यावं. शाळेसाठी मला सगळ्यात आवडतो तो उपाय म्हणजे क्लेमेंटाइन, ती छोटी, सहज सोलता येणारी संत्री. कॅलिफोर्नियातली ही संत्री नोव्हेंबर ते जानेवारी अगदी भरात असतात. सालीवर काळ्या पेनाने डोळे आणि तोंड काढलं की झाला हॅलोविनचा भोपळा! मुलांना चित्र काढायला बसवा, तासभर तुम्हालाही मोकळा मिळतो.

तिसरं, आपलं घर आणि मंडळ. इथे आपल्या खाऊला खरा वाव आहे. चार पदार्थ सांगते, लिहून घ्या.

एक, चुरमुऱ्यांचा चिवडा. ४ वाट्या चुरमुरे मंद आचेवर कुरकुरीत करा. २ चमचे तेलात मोहरी, कढीपत्ता, हळद, अर्धी वाटी डाळं आणि बेताचं मीठ घालून परता, आणि चुरमुरे मिसळा. नेहमीची चमचाभर पिठीसाखर गाळली तरी कुणाला कळत नाही.

दोन, रताळ्याचे काप. नोव्हेंबरात रताळी इथल्या प्रत्येक दुकानात ढिगाने असतात. पातळ काप चमचाभर तुपावर झाकण ठेवून शिजवा, वर वेलची. भाजल्या-शिजवल्यावर रताळ्याची स्वतःचीच गोडी इतकी वाढते की साखर लागत नाही.

तीन, फळांचं श्रीखंड. साधं, बिनसाखरेचं ग्रीक योगर्ट म्हणजे जवळजवळ आपला चक्काच. त्यात कुस्करलेलं पिकलं केळं किंवा आंबा, वेलची आणि केशर. एक सांगते, डब्यातल्या आमरसात बहुधा साखर घातलेली असते, तेव्हा मागची ओळ वाचा. गोठवलेल्या आंब्याच्या फोडी मिळतात, त्या बऱ्या.

चार, खजूर-तिळाचे लाडू. १२ मोठे मेजूल खजूर बिया काढून वाटा. त्यात अर्धी वाटी भाजलेले तीळ, अर्धी वाटी भाजलेले ओट्स आणि चमचाभर तूप घालून २४ लहान लाडू वळा. एका मेजूल खजुरात साधारण १६ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका लाडवात ८ ग्रॅम. साखरेचा आकडा छोट्या चॉकलेट बारएवढाच झाला! फरक इतकाच की ती अख्ख्या फळाची साखर आहे, सोबत तंतू आहेत, तिळातलं कॅल्शियम आहे, आणि एक खाल्ला की पोटाला आधार वाटतो. म्हणून एक लाडू छान. "पौष्टिक आहे" म्हणून पाच नव्हेत.

'शुगर-फ्री' गोळ्यांचं काय, असाही प्रश्न असतो. त्यांत सॉर्बिटॉल किंवा मॅल्टिटॉलसारखे पदार्थ असतात. मुलांनी ते जास्त खाल्ले तर पोट बिघडतं. काहींत झायलिटॉल असतं, आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्यासाठी ते विष आहे. मी तरी मुलांसाठी या वाटेला जाणार नाही.

(छोटं संगीत)

आता वळू या बोरन्हाणाकडे, कारण या मोसमातला सगळ्यात मोठा धोका इथे आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण लहान मुलांचं बोरन्हाण करतो. काळे कपडे, हलव्याचे दागिने, मधोमध बसलेलं बाळ, आणि डोक्यावरून ओतलेली बोरं, उसाचे करवे, हरभरे, शेंगा, चुरमुरे आणि हलवा. भोवतीची मुलं ते वेचायला झेपावतात. खरं तर हे आपलं घरातलं हॅलोविनच! परदेशात बोरं आणि ओले हरभरे सहज मिळत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी हळूहळू चॉकलेटं, जेली आणि कडक गोळ्या आल्या.

इथले बालरोगतज्ज्ञ ४ वर्षांखालच्या मुलांना काय देऊ नका म्हणून सांगतात, ती यादी ऐका: कडक गोळ्या, शेंगदाणे आणि इतर दाणे, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे. या वयात दाढा पुरत्या आलेल्या नसतात, श्वासनलिका अरुंद असते, आणि गोल, कडक वस्तू तिच्यात बुचासारखी बसते. आता बोरन्हाणाचं ताट डोळ्यांसमोर आणा. ज्या वयाच्या मुलांसाठी हा कार्यक्रम आहे, नेमक्या त्याच वयाच्या मुलांना धोक्याच्या वस्तू आपण त्यांच्याच डोक्यावर ओततो. त्यात मुलं पळत असतात, हसत असतात आणि हाताला येईल ते तोंडात घालत असतात.

म्हणून बोरन्हाण बंद करायचं का? मुळीच नाही. ओतायला चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घ्या. त्यात मुठीएवढे कापडी चेंडू, मोठे स्टिकर, छोटी पुस्तकं मिसळा. बोर, ऊस, हरभरा, शेंग यांचे एकेक नग शास्त्रापुरते ताटात ठेवा, ओवाळा, आणि ताट उचलून ठेवा. आशियाई दुकानांत सुकी लाल बोरं मिळतात, ती ताटात शोभतात. मोठ्या मुलांसाठी वेगळ्या पिशव्या भरून जाताना त्यांच्या आईच्या हातात द्या. आणि एका काकाला किंवा मावशीला फक्त जमिनीकडे लक्ष ठेवायचं काम द्या. हलव्याचे दागिने फोटो झाल्यावर लगेच उतरवा, कारण त्यातले दाणे सुटतात.

मुलाच्या घशात काही अडकलं आणि त्याला खोकता येत नसेल, आवाज फुटत नसेल, तर ताबडतोब मदत सुरू करायची आणि दुसऱ्याने ९११ लावायचा. ही मदत कशी करायची हे बोलून शिकता येत नाही, हाताने शिकावं लागतं. अमेरिकन रेड क्रॉसचे वर्ग गावोगाव असतात. मंडळाने संक्रांतीच्या आधी एक वर्ग ठेवला तर तिळगुळाइतकंच पुण्य लागेल.

आता शेवटचं. पिशवी भरून घरी आली, पुढे काय? मुलाच्या हातातून ती ओढून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली तर मुलाचं सगळं लक्ष त्या फळीवरच राहतं. समोर दिसतं पण मिळत नाही, अशा खाण्याची मुलांना जास्त ओढ लागते, असं या विषयावरच्या अभ्यासांत दिसलं आहे. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेली वाटणी मला पटते. काय, केव्हा आणि कुठे खायचं हे पालकांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं हे मुलाने. सणाच्या रात्री मुलाला मनासारखं खाऊ द्या. दुसऱ्या दिवसापासून जेवणाबरोबर किंवा मधल्या वेळच्या खाण्याबरोबर एक-दोन, तेही त्याने स्वतः निवडलेले. उरलेल्याचं काय करायचं हे मुलालाच विचारा. काही दंतवैद्य अशी उरलेली कँडी गोळा करतात. काही घरांत मूल तिच्या बदल्यात एखादं पुस्तक किंवा बागेतली सहल मागतं.

आणि आजी-आजोबा? सहा महिन्यांसाठी आलेली आजी नातवाच्या हातावर काहीतरी ठेवणारच. तिला "देऊ नका" म्हणू नका, तिचा जीव दुखावतो. तिला खाऊचा डबा सोपवा. "आई, रोज चार वाजता याला तुमच्या हातचं काहीतरी द्या," असं सांगा, आणि डब्यात चुरमुरे, डाळं, रताळ्याचे काप, संत्र्याच्या फोडी भरून ठेवा. नातवाला कँडीपेक्षा आजीच्या चार वाजताच्या डब्याची सवय लागली तर ती सवय तो मोठेपणी स्वतःच्या मुलांनाही लावेल.

तर मंडळी, यंदा पिशवी भरताना तीन गोष्टी विचारा. हे ज्याला देतोय त्या वयाच्या मुलाच्या घशात अडकणार नाही ना? कुणाला याची अ‍ॅलर्जी नाही ना? आणि हे खाऊन त्याला जेवणाची भूक राहील ना? तिन्ही उत्तरं मनासारखी आली की तो खाऊ निर्धास्त वाटा.

तुमच्या घरी मुलांना आवडणारा बिनसाखरेचा खाऊ कोणता, ते आम्हाला जरूर कळवा. संक्रांतीच्या भागात आपण त्यातल्या काही कृती वाचून दाखवू. तोपर्यंत सणांच्या शुभेच्छा. नमस्कार!